बंपरला भोक नको, पण प्लेट हलायला नको

एमएच ३१, एमएच ४९ आणि एमएच ४०. नागपूर शहर, पूर्व नागपूर आणि ग्रामीण अशा तिन्ही नंबरांच्या जुन्या गाड्या २०२५ सालात एकाच कामासाठी रांगेत लागल्या. ते काम एचएसआरपीचं, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेटचं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ही प्लेट शोरूममधूनच मिळते. त्याआधीच्या गाड्यांसाठी राज्यानं पहिली मुदत ३१ मार्च २०२५ दिली होती, आणि ती वाढत वाढत वर्षअखेरीपर्यंत गेली. चारचाकीचा दर ७४५ रुपये, वर जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये. दरावरून आणि मुदतीवरून भरपूर बोललं गेलं. पण केंद्रावर दिवसभर घडणाऱ्या एका गोष्टीबद्दल फारसं कुणी बोललं नाही. प्लेट बसवणारा मुलगा पुढच्या बंपरसमोर उकिडवा बसतो, जुनी प्लेट काढतो, नवी धरून पाहतो. जुनी भोकं नव्या प्लेटशी जुळत नाहीत असं दिसलं की ड्रिल उचलतो आणि बंपरमध्ये दोन नवी भोकं पाडून मोकळा होतो.

भोक पाडावं की नाही, यावर आमच्या घरात आमची लेक आणि तिचे मामा यांची चांगलीच जुंपली. मामांचं घाट रोडवर डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. अर्धं आयुष्य त्यांनी लोकांचे बंपर सरळ करण्यात घालवलं. लेक मेकॅनिकल इंजिनीअर. तिनं २०१७ची एक हॅचबॅक सेकंडहँड घेतली. पहिल्या मालकानं पुढची प्लेट टेपनं चिकटवलेली होती, त्यामुळे बंपर कोरा करकरीत, एकही भोक नाही. तो तसाच राहावा ही तिची इच्छा, आणि मामांच्या मते हा हट्ट. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नात कायदा, रसायन, नागपूरचं ऊन आणि चोराची अक्कल एवढं सगळं गुंतलेलं आहे, हे मला त्या दोघांचं ऐकताना कळत गेलं. म्हणून ते बोलणं इथे देतो आहे. मधे मधे माझंही मत येईल.

मामा : अगं, एवढा विचार काहून करून राहिली? दोन भोकं, तीही प्लेटच्या मागे. कोणाला दिसणार आहेत?

भाची : आज नाही दिसणार मामा. पण प्लेट वाकली, बदलायची वेळ आली, नवीची भोकं पुन्हा दोन बोटं इकडे तिकडे झाली, की तो मुलगा आणखी दोन पाडणार. पहिल्यांदाच जुनी भोकं जुळत नाहीत म्हणून ड्रिल चालवतात, तर पुढच्या वेळी का नाही चालवणार? आणि बंपर म्हणजे नुसता पत्रा नाही. आत फोम आहे, त्यामागे लोखंडी बीम आहे, बाजूनं फॉग लॅम्पची वायर जाते. ड्रिल किती आत जाईल हे तो मुलगा पाहतो का?

मामा : पाहायला पाहिजे. बिटवर टेप गुंडाळून खूण करायची, त्याच्यापुढे बिट जाऊ द्यायचा नाही. मी तसंच करत होतो. चुकीच्या हातात ड्रिल आहे म्हणून भोकालाच दोष देऊन राहिली तू.

भाची : बरं, हात चांगला आहे असं धरू. तरी प्लास्टिकचं काय? प्लेट अॅल्युमिनियमची, बंपर प्लास्टिकचा. उन्हात प्लास्टिक अॅल्युमिनियमपेक्षा तीन-चार पट जास्त पसरतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर आणि डिसेंबरच्या रात्री दहाच्या खाली. घट्ट आवळलेल्या दोन स्क्रूंच्या मधे तो बंपर वर्षभर ओढला जातो आणि ढकलला जातो. मग भोकाच्या कडेला केसासारखी भेग पडते आणि रंगाखालून पुढे सरकते.

मामांनी यावर लगेच मान डोलावली. ही भेग त्यांनी पाहिलेली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती भोकापेक्षा भोक पाडण्याच्या घाईतून येते. धारदार बिट हळू फिरवला तर प्लास्टिक कापलं जातं. जोरात फिरवला तर ते वितळतं, आणि वितळून थिजलेली कड ठिसूळ होते. त्यांची पद्धत त्यांनी हातवारे करत सांगितली. आधी बंपरवर कागदी टेप लावायची, तिच्यावर पेन्सिलीनं मध्य काढायचा, तीन मिलिमीटरच्या बिटनं वाट करायची, मग मोठा बिट. दोनपैकी एक भोक गोल ठेवायचं आणि दुसरं आडवं, किंचित लांबट, म्हणजे प्लास्टिकला सरकायला जागा मिळते. कड पात्यानं साफ करायची, मागून रबरी वायसर लावायचा. हे सगळं करायला वीस मिनिटं लागतात. केंद्रावर एका गाडीला तेवढा वेळ कोण देतो, हा प्रश्न लेकीनं विचारला आणि मामा गप्प झाले.

पण ते तेवढ्यापुरतेच.

मामा : मग काय, टेपनं चिकटवणार? मागच्या मालकासारखी?

भाची : का नाही? हल्लीची अॅक्रिलिक फोमची टेप साधी दुहेरी टेप नसते. गाड्यांचे बिल्ले, दाराच्या पट्ट्या तिनंच चिकटवतात. लोक ती चुकीची लावतात. पॉलिश केलेल्या बंपरवर लावतात, मेणाचा थर तसाच असतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, दाबून बसवायची आणि तीन दिवस गाडी धुवायची नाही. चिकटायची पूर्ण ताकद यायला त्या टेपला बहात्तर तास लागतात. आपल्याकडे सकाळी लावली, दुपारी पाण्याचा फवारा मारला.

मामा : आणि बंपरचा गोलावा? पाचशे मिलिमीटर लांब प्लेट सपाट आहे, बंपर वाकडा आहे. दाबून वाकवली तर ती सरळ व्हायला पाहते. टोकाला रात्रंदिवस ओढ लागते. टेपला सरळ ओढ सहन होते, सोलणं सहन होत नाही. कोपरा एकदा उचलला की झालं.

इथे लेक अडली, कारण हे खरं आहे. टेप सगळ्या दिशांनी सारखी धरत नाही. प्लेट खाली सरकवायला प्रचंड जोर लागतो, पण कोपऱ्यातून उकलायला एका बोटाचा जोर पुरतो. समृद्धी महामार्गावर गाडी ताशी १२० किलोमीटरनं जाते तेव्हा पुढच्या प्लेटवर वाऱ्याचा साधारण चार किलोचा दाब येतो. तो दाब तिला बंपरवरच रेटतो, त्यामुळे त्याची भीती नाही. भीती आहे ती थरथरीची आणि उचललेल्या कोपऱ्याखाली शिरणाऱ्या हवेची.

मामा : आणि पाणी? २३ सप्टेंबर २०२३ विसरली? अंबाझरी तलाव भरून वाहिला, रात्रीतून नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. पाण्यातून गाडी काढली की पुढची प्लेट सुपासारखी पाणी अंगावर घेते. त्यानंतर गॅरेजला गाड्या आल्या, पुढची प्लेटच नाही. कुठे पडली, मालकाला पत्ता नाही. प्लेट हरवली की आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन नव्या प्लेटची नोंदणी. आणि तोवर ती प्लेट कोणाच्या हाती लागली, कोणत्या गाडीवर लागली, कोणाच्या नावावर चलान फाटून राहिलं, हे देवालाच ठाऊक.

भाची : स्क्रूवाल्या प्लेटीही वाहून गेल्या असतील त्या दिवशी.

मामा : गेल्या असतील. पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. गाडी रंगवायच्या आधी आम्ही कंपनीचा बिल्ला कसा काढतो, माहीत आहे? हीट गननं जरासं गरम करायचं, मासे पकडायचा नायलॉनचा दोरा बिल्ल्यामागे घालायचा आणि करवतीसारखा मागेपुढे ओढायचा. टेप मधून कापली जाते. बिल्ला हातात अख्खा येतो, ओरखडाही नाही. तुझी प्लेटही तशीच येईल. अख्खी. ज्याला तुझा नंबर पाहिजे त्याला आणखी काय पाहिजे?

माझ्या मते सगळा वाद या वाक्यावर फिरला. तोपर्यंत दोघंही प्लेट टिकेल की पडेल एवढंच बोलत होती. एचएसआरपी निघालीच मुळी दुसऱ्या कारणासाठी. तिचा नियम २००१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आला. कल्पना अशी की प्लेट बनावट करता येऊ नये आणि एका गाडीची काढून दुसरीला लावता येऊ नये. म्हणून ती एक मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमची असते. डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा वीस मिलिमीटरचा क्रोमियम होलोग्राम, निळ्या अक्षरांत आयएनडी, खाली लेझरनं कोरलेला क्रमांक. नंबराच्या काळ्या अक्षरांवरून तिरपं ‘इंडिया’ छापलेलं. तो लेझर क्रमांक गाडीच्या नोंदीत, ‘वाहन’ प्रणालीत चढतो. आणि हे सगळं गाडीला जोडायचं ते न उघडणाऱ्या, पुन्हा न वापरता येणाऱ्या स्नॅप लॉकनं. काढायला गेलात की लॉक तुटतं, बहुतेक वेळा प्लेटही वाकते, आणि कुणीतरी हात लावला हे दिसून येतं. हा नियम जुन्या गाड्यांना सक्तीचा होऊन महाराष्ट्रात पोहोचायला दोन तपं लागली. नव्या गाड्यांना तो २०१९ पासून लागू करण्याची अधिसूचना डिसेंबर २०१८ची. तेव्हा रस्ते वाहतूक खातं नागपूरच्याच खासदारांकडे, नितीन गडकरींकडे होतं. इतक्या खटाटोपानं आलेली प्लेट दोऱ्यानं अख्खी सुटत असेल, तर चक्र, लेझर, लॉक या सगळ्यावर पाणी फिरलं.

लेकीनं मात्र सहजासहजी मानलं नाही.

भाची : मामा, नियमाचा मजकूर नीट वाचला तर स्नॅप लॉकचा उल्लेख मागच्या प्लेटसाठी आहे. पुढचीचं नाव नाही.

मामा : तो मजकूर तू केंद्रावर वाचून दाखव. तिथे दोन्हीकडे लॉकच लावतात. आणि चोर काय मागचीच प्लेट चोरतो?

भाची : इंग्लंडमध्ये लोक प्लेट सर्रास चिकटवतात. तिथे चालतं.

मामा : आपण इंग्लंडमध्ये राहतो का?

वाक्य तोडणारं होतं, पण लेकीचा मुद्दा टाकून देण्यासारखा नव्हता. जगात हा प्रश्न प्रत्येकानं आपल्या सोयीनं सोडवला आहे. अमेरिकेत फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा राज्यांत पुढची प्लेट लागतच नाही, त्यामुळे तिथून पुढची प्लेट लागणाऱ्या राज्यात गेलेल्या माणसाच्या गाडीचा बंपर कोरा असतो, आणि भोक न पाडता प्लेट लावायचे सगळे जुगाड तिथे वाढले. जर्मनीत गाडीला काळी चौकट बसवतात आणि प्लेट तिच्यात दाबून अडकवतात. तिथली भिस्त लॉकवर नाही, प्लेटवर चिकटवलेल्या सरकारी शिक्क्यावर आहे, जो उपटला की फाटतो. आपण लॉकवर भिस्त ठेवली. एकदा ती ठेवली की चिकटवणं आपल्याला चालणार नाही. दुसऱ्या देशाची सवय उचलायची तर त्यांची सगळी व्यवस्थाच उचलावी लागेल.

यानंतर बोलण्याचा रोख बदलला. टिकाऊपणाचं सोडून ती दोघं एकाच कसोटीवर आली: प्लेट गाडीवरून अख्खी निघते का? निघत असेल तर पद्धत बाद.

भाची : मग टोइंग हुकचा ब्रॅकेट? बंपरला एक झाकण असतं, ते काढलं की आत आटे असतात. ब्रॅकेटचा दांडा त्यात फिरवून बसवायचा. भोक नाही, टेप नाही, लोखंडाला लोखंड.

मामा : आणि हातानं उलटा फिरवला की प्लेटसकट बाहेर. दोन मिनिटांचं काम. वरून गाडी बंद पडली, ओढून न्यायची वेळ आली, की हुक लावायच्या जागेवर तुझी प्लेट. बुटीबोरीच्या पुढे हायवेवर रात्री उभी राहून प्लेट उघडत बसशील?

ही पद्धत तिथेच संपली. चुंबकाची तर सुरुवातच झाली नाही. प्लास्टिकच्या बंपरला आणि अॅल्युमिनियमच्या प्लेटला चुंबक धरणार कशाला?

मग लेकीनं आपला खरा पत्ता टाकला. तिनं बंपर खालून, मोबाईलच्या उजेडात, हात घालून तपासलेला होता. बहुतेक गाड्यांच्या बंपरवर प्लेटची जागा कंपनीनंच सोडलेली असते: किंचित सपाट पट्टा, आणि त्यात दोन ठिकाणी आतून जाड केलेलं प्लास्टिक. काही गाड्यांत तिथे क्लिप किंवा आट्यांची बुशिंगही बसवलेली असते, बाहेरून रबरी बूच लावून झाकलेली. आधीच्या मालकानं ती जागा वापरलीच नव्हती. तिच्या बोटांना रंगाखाली बसलेली दोन बुचं लागली.

भाची : म्हणजे भोकं आहेत मामा, कंपनीनं दिलेली. पण ती प्लेटच्या भोकांशी जुळत नाहीत. तर मधे चौकट घालायची. चौकट त्या दोन जागी बोल्टनं आवळायची आणि प्लेट चौकटीला लॉक करायची.

मामा : म्हणजे लॉक चौकटीला, आणि चौकट उघड्या बोल्टवर. चोरानं प्लेट सोडायची आणि चौकटच काढून न्यायची. दाराला कुलूप लावलं आणि बिजागरीचे स्क्रू बाहेरून ठेवले, तसं झालं हे.

हा आक्षेप ऐकून मला वाटलं, आता लेक हरली. पण उत्तर मामांच्याच जुन्या कामात दडलेलं होतं, आणि ते तिनं उकरून काढलं.

भाची : मामा, तुम्ही अँबेसेडरच्या क्रोमच्या बंपरला भोक पाडायचे?

मामा : वेड लागलं का? क्रोम फुटलं की एका पावसाळ्यात खालून गंज चढतो. हिवाळी अधिवेशनाला डिसेंबरात पांढऱ्या अँबेसेडर यायच्या, कोणाचा बंपर आम्ही फोडला असता तर! बंपर ज्या बोल्टवर बसतो त्याच बोल्टमधून लोखंडी पट्टी खाली सोडायची, तिच्यावर प्लेट.

भाची : आणि ती पट्टी कुठून उघडायची?

मामा : मागून. प्लेट लागली की बोल्टचं डोकं...

ते थांबले. त्यांना उत्तर दिसलं होतं. पट्टीचा बोल्ट प्लेटच्या मागे यायचा. प्लेट काढल्याशिवाय त्याला पाना लागत नसे.

लेकीची मांडणी तीच होती. चौकट बंपरला जोडणारे बोल्ट चौकटीच्या आतल्या भागात, प्लेटच्या बरोबर मागे घ्यायचे. आधी चौकट आवळायची, तिच्यावर प्लेट ठेवायची आणि प्लेट स्नॅप लॉकनं चौकटीच्या जाड पाठीला ठोकायची. आता बोल्टपर्यंत पोहोचायचं तर आधी प्लेट निघाली पाहिजे, आणि प्लेट निघायची तर लॉक तुटलं पाहिजे. बंपरला एकही नवं भोक नाही आणि प्लेट अख्खी निघत नाही. मामांची कसोटी पूर्ण झाली, लेकीची इच्छाही.

मामांनी तरी चौकट हातात घेऊन पाहिल्याशिवाय होकार दिला नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चौकटी पातळ प्लास्टिकच्या, चारी बाजूंनी प्लेट नुसती क्लिपमध्ये धरणाऱ्या असतात. त्या त्यांनी बाजूला ठेवायला लावल्या. क्लिपवाली चौकट नागपूरच्या उन्हात दोन-तीन उन्हाळे झाले की ठिसूळ होते, आणि क्लिप मोडली की पुन्हा लॉक बिनकामाचं. त्यांना हवी होती पाठ पूर्ण असलेली, पत्र्याची किंवा जाड, उन्हाला टिकणाऱ्या काळ्या प्लास्टिकची. आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली जी लेकीच्या नजरेतून सुटली होती: चौकटीची कड खालच्या डाव्या कोपऱ्यावर चढत होती, म्हणजे लेझर क्रमांक झाकला जात होता. तशी चौकट चालणार नाही. अक्षरं, चक्र, आयएनडी आणि लेझर क्रमांक यांतलं काहीही झाकायचं नाही, वरून पारदर्शक कव्हरही लावायचं नाही.

एका जागी मात्र दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. ज्या गाडीच्या बंपरला कंपनीची जागाच नाही, किंवा ती आधीच फाटून गेली आहे, तिथे काय करायचं? लेक म्हणाली, खालच्या जाळीला मागून पट्टी लावून चौकट धरायची आणि तिथे डोकं तुटणारे बोल्ट वापरायचे, जे आवळताना ठरावीक जोरावर डोकं टाकतात आणि मग कुठलाही पाना लागत नाही. मामांना जाळी पसंत नाही. ती पातळ असते, एका ठोकरीत तुटते. शिवाय आपल्या मे महिन्यात एसी चालू ठेवून वर्धा रोडच्या सिग्नलला उभं राहायचं तर कंडेन्सरला आणि रेडिएटरला मिळेल तेवढी हवा हवी असते, आणि एकशेवीस मिलिमीटर उंचीची पट्टी तिच्यासमोर लावणं त्यांना मूर्खपणा वाटतो. नव्या गाड्यांत तर पुढे रडार आणि पार्किंगचे सेन्सर असतात. जाळीत कुठेही काही लावताना ते झाकले जात नाहीत ना, हे आधी पाहावं लागतं.

इथे मी मामांच्या बाजूनं आहे. जिथे कंपनीची जागा नाही आणि जाळी कमकुवत आहे, तिथे दोन भोकं पाडावीत. ती मामांच्या पद्धतीनं, म्हणजे सावकाश, एक गोल आणि एक लांबट, कड साफ करून, मागून वायसर देऊन पाडावीत. भोक पाडणं हा गुन्हा नाही. घाईनं पाडणं हा गाडीवरचा अन्याय आहे. आणि टेपनं चिकटवलेली एचएसआरपी ही माझ्या मते एचएसआरपीच नाही, मग बंपर कितीही कोरा राहो.

चौकट आधी बसवून न्यायची की केंद्रावर बसवायची, यावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. आधीच न्यायची. एचएसआरपी आपण घरी लावायची नसते. ती नेमलेल्या केंद्रावरच्या माणसानं लावायची असते. पण चौकट ही आपल्या गाडीची तयारी आहे, ती आपल्या गॅरेजला आदल्या दिवशी, शांतपणे करता येते. लेकीनं तेच केलं. मामा स्वतः खाली वाकले, बुचं काढली, आत पितळी आटे दिसले तेव्हा समाधानानं ‘हं’ म्हणाले. चौकट आवळताना त्यांनी दोन वेळा पट्टी लावून ती जमिनीशी सरळ आहे का हे पाहिलं. केंद्रावर त्या मुलानं सवयीनं ड्रिल उचललं. लेकीनं चौकट दाखवली, त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिली, प्लेट ठेवली, दोन्ही लॉक बसवले, मागची प्लेट बसवली, फोटो काढला. ड्रिलचा बिट बंपरला लागलाच नाही.

ज्यांची गाडी १ एप्रिल २०१९च्या आधीची आहे आणि प्लेट अजून लावायची राहिली आहे, त्यांनी प्लेट बसवायच्या तारखेच्या आदल्या दिवशी एवढं करावं. गाडीखाली उजेड धरून बंपरवर कंपनीची जागा आहे का हे हातानं चाचपून पाहावं. असेल तर पाठ पूर्ण असलेली चौकट आणावी, तिचे बोल्ट प्लेटच्या मागेच येतील असे बसवून घ्यावेत, आणि चौकटीची कड लेझर क्रमांकावर येत नाही हे पाहावं. जागा नसेल तर आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून दोन नीट भोकं पाडून घ्यावीत, मापं पाचशे बाय एकशेवीसच्या प्लेटवरची. आणि केंद्रावर त्या मुलानं ड्रिल उचललं की त्याला आदरानं सांगावं, भाऊ, एक मिनिट थांब, आधी इथं पाहा.